नांदूरमध्यमेश्वरचे चिखलपक्षी आणि बंधाऱ्यातलं पाणी

गोदाकाठची

थंडी पडायला लागली की नाशिककरांच्या फोनवर नांदूरमध्यमेश्वरचे फोटो फिरायला लागतात. रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, कमळपक्षी. त्याच फोटोंत मागे, चिखलाच्या कडेला, करड्या-तपकिरी रंगाचे छोटे पक्षी मान खाली घालून सारखं काहीतरी टिपत असतात. बहुतेक वेळा फोटो कापताना तेच कापले जातात. हा धागा त्यांच्यासाठी काढते आहे.

तुतवार, टिलवा, चिखल्या, पाणलावा, मालगुजा, रफ. पुस्तकात ह्यांना किनारपक्षी म्हणतात, पण सह्याद्रीच्या अलीकडे, निफाड तालुक्यातल्या गोड्या पाण्यावरसुद्धा ते अख्खा हिवाळा काढतात. छोटा टिलवा घ्या. चिमणीहून जरा लहानच, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. त्याची वीण आर्क्टिकच्या टुंड्रात होते, जमिनीवरच्या उघड्या खळग्यात चार अंडी. पिल्लं मोठी व्हायच्या सुमारास आईबाप दक्षिणेला निघून गेलेले असतात, पिल्लं मागाहून आपली आपण निघतात. रस्ता कोणी दाखवलेला नसतो, तरी ती हजारो किलोमीटर कापून इकडे पोचतात. मालगुजांचंही तसंच. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) अभ्यासकांनी मुंबईच्या खाडीकाठी काही मालगुजांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले, तेव्हा त्यांचा माग सायबेरियापर्यंत लागला.

आपण ज्या मार्गावर आहोत त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देश त्यात येतात आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती तो वापरतात. जगभरातच ह्या पक्ष्यांची स्थिती खालावते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन ह्या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने धोक्यातल्या जातींची लाल यादी सुधारली तेव्हा स्थलांतरी किनारपक्ष्यांच्या १६ जाती आधीपेक्षा जास्त धोक्याच्या वर्गात गेल्या. ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर हे आपल्या किनाऱ्यावर नेहमी दिसणारे पक्षी आता ‘असुरक्षित’ वर्गात आहेत. मालगुजा आधीपासूनच ‘संकटासमीप’ आहे. सडपातळ चोचीचा कर्ल्यू तर गेलाच. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ मधली, मोरोक्कोतली, आणि २०२५ मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला.

आता मूळ मुद्दा. नांदूरमध्यमेश्वरच्या रक्षणाची चर्चा होते तेव्हा झाडं लावा, बोटिंग सुरू करा, मनोरे वाढवा, पर्यटक आणा इथपर्यंत येऊन ती थांबते. चिखलपक्ष्यांना ह्यातलं काहीच लागत नाही. त्यांना लागतो ओला चिखल आणि त्यावर अगदी थोडं पाणी. किती थोडं, ते चापडगावच्या बाजूला कडेला शांत बसून बघितलं की कळतं. टिलवा आणि कंठेरी चिखल्या पाण्यात जवळजवळ जातच नाहीत, चकाकणाऱ्या ओल्या चिखलावर धावतात. ठिपकेवाला तुतवार बोटभर पाण्यात. रफ त्याहून जरा खोल. मालगुजा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून आपली लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे न दिसणारी अळी त्याला नुसत्या दाबावरून कळते. बाकी चोच मिटलेलीच ठेवून तो फक्त टोक उघडतो आणि चिखलातल्या चिखलात ती पकडतो. मिळतात त्या बहुतेक डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या. गाळात त्या खच्चून भरलेल्या असतात.

म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी वीतभर चढलं की ह्या सगळ्यांचं ताट बुडालं. उलट पाणी झटकन उतरलं आणि चिखल वाळून तडकला, तर टणक झालेल्या गाळात चोच शिरत नाही. बदकाला, वारकरी पक्ष्याला ह्याने फरक पडत नाही, ती पोहतात. वर पाणी भरलेलं आणि पक्षी खूप, असं बघून आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

दोन काळ सगळ्यात नाजूक. एक सप्टेंबर-ऑक्टोबर, जेव्हा ते थकून, अंगावरची चरबी संपवून उतरतात. दुसरा मार्च-एप्रिल, जेव्हा परतीसाठी त्यांना वजन भराभर वाढवायचं असतं. नेमकी तेव्हाच उन्हाळी आवर्तनांची, म्हणजे पाटाला पाळीपाळीने पाणी सोडण्याची, ये-जा चालू असते.

नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. २०१९ मध्ये दर्जा मिळाला, त्यानंतर लोणार आणि ठाणे खाडी आले. दर्जा आहे, १९८६ पासून अभयारण्यही आहे. पण पाण्याची पातळी पक्ष्यांच्या वेळापत्रकाकडे बघून ठरत नाही. ती ठरवताना निदान ह्या दोन काळांत एखाद्या काठाला उथळ पाणी राहील एवढा विचार व्हावा, असं माझं म्हणणं आहे. तिथल्या गावातल्या, शेतीतल्या, पाटबंधाऱ्यातल्या माहीतगार लोकांनी ह्यावर लिहावं.

निफाडचा बागाईतदार

ताई, लेख आवडला. माझं शेत बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे हे पक्षी लहानपणापासून बघतोय. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

पहिली, पाणी. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा हा साठवणीचं धरण नाही. गंगापूर, दारणा, मुकणे ह्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडतं आणि इथून पाटात वळतं. पाटाच्या मुखाशी ठरावीक पातळी असल्याशिवाय पाट पूर्ण क्षमतेने चालत नाही. तुम्ही म्हणता वीतभर पाणी कमी ठेवा, पण त्या वीतभर पाण्यावर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं आवर्तन अवलंबून असतं. टेलवाला आधीच रडतोय. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात, तिथे पक्ष्यांचा विषय काढला तर लोक ऐकून घेतील, पण त्यासाठी पाणी सोडणार नाहीत.

दुसरी, फवारणी. हे कोणी अजून काढलं नाही पण निघणारच, म्हणून आधीच लिहितो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी, भुरी ह्या बुरशीच्या रोगांसाठी द्राक्षाला फवारे द्यावेच लागतात. पाऊस लांबला तर दिवसाआड. हौस म्हणून कोणी फवारत नाही, पैसे जातात आणि अंगावरही येतं. मात्र ब्लोअर आणि टाकी धुतलेलं पाणी थेट नाल्यात सोडायचं की बांधावर खड्डा करून जिरवायचं, हे आपल्या हातात आहे. नाला शेवटी कादवेला नाहीतर गोदावरीलाच मिळतो. मी खड्डा केलाय. शेजाऱ्यांनाही सांगतो.

गोदाकाठची

दादा, पाटाच्या मुखाच्या पातळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकूण पाणी कमी करा असं मला म्हणायचं नाही. माझा प्रश्न चढ-उताराच्या वेगाचा आहे. एका रात्रीत पातळी चढली तर चिखल एकदम बुडतो. तेच पाणी चार-पाच दिवसांत हळूहळू चढलं तर पक्षी कडेकडेने सरकत राहतात, त्यांना रोज नवीन ओली पट्टी मिळते.

खड्ड्याबद्दल मनापासून आभार. कीटकनाशकांचा ह्या पक्ष्यांशी संबंध बहुतेक अन्नातून येतो. पाण्यातल्या अळ्या कीटकनाशकाला फार हळव्या असतात. पक्षी मरून पडलेले दिसत नाहीत, पण चिखलातलं खाणं कमी होतं आणि आपल्याला वाटतं की यंदा पक्षी आलेच नाहीत.

पैठणकर

नाथसागरावरून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरून लिहितोय. नांदूरमध्यमेश्वरच्या खाली जे पाणी येतं ते आमच्याकडे येतं, त्यामुळे ह्या दोन ठिकाणांकडे वेगवेगळं बघूच नये. जायकवाडीसुद्धा पक्षी अभयारण्य आहे. पाऊसकाळ चांगला झाला, धरण काठोकाठ भरलं की डिसेंबरपर्यंत आमच्याकडे चिखल दिसत नाही, सगळा जलाशय. त्या वर्षी चिखलपक्षी तुमच्याकडे, नाहीतर लहान तळ्यांवर. फेब्रुवारीनंतर पाणी उतरायला लागतं आणि मैलोन्‌मैल गाळ उघडा पडतो. तेव्हा आमच्याकडे गर्दी.

पण त्या गाळावर गाळपेरा होतो. पाणी जसं मागे सरकेल तसं लोक पेरत पुढे जातात. धरणात जमिनी गेलेल्यांचीच कुटुंबं आहेत त्यात बरीच, त्यांना कोणत्या तोंडाने नको म्हणणार? काठावर इंजिनं लागतात, कुत्री येतात, माणसांचा वावर दिवसभर. पक्षी पाण्याच्या अगदी कडेला ढकलले जातात. माझं मत असं की गाळपेरा बंद करण्याच्या मागे लागू नये. पण जिथे पक्षी जास्त बसतात अशा दोन-चार खाड्या ठरवून तेवढ्याच पेरणीतून वगळल्या तर भांडण होणार नाही. बदल्यात दुसरीकडे पट्टा द्यावा.

समन्यायी पाणीवाटपावरून नाशिक-मराठवाडा दरवर्षी तणतणतात. ह्या विषयात तरी दोघांचं हित एकच आहे.

सह्याद्री_क्लिक्स

मी फोटोग्राफी करतो, दर वर्षी दोन-तीनदा नांदूरला येतो. चिखलपक्ष्यांचा चांगला फोटो मिळायला जवळ जावंच लागतं, लांबून नुसते ठिपके येतात. पक्षी उडतात आणि परत बसतात. एवढ्याने खरंच नुकसान होतं का? प्रामाणिक प्रश्न आहे.

चापडगावचा वाटाड्या

सर, मी उत्तर देतो कारण रोज तेच बघतो. एक ग्रुप गेला की दुसरा येतो. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच उडवले. पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तर सकाळी सात ते अकरा ते उडतच असतात. खायची वेळ तीच असते.

ह्या पक्ष्यांचा फोटो जवळून मिळवायचा सोपा मार्ग आहे. सूर्य उगवायच्या आधी येऊन एका जागी खाली बसा आणि हलू नका. अर्ध्या तासात टिलवे तुमच्या पुढ्यात धावत येतात, लेन्स मागे घ्यावी लागते. चालत गेलात की शंभर फुटांवरून उडणार. चिखलात उतरू नका, तिथे पाय फसतो आणि माणूस धडपडतो. ड्रोन तर अजिबात नको. वरून काही आलं की त्यांना ससाणाच वाटतो, अख्खा थवा उठतो आणि तासभर बसत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन चालतही नाही, तरी लोक पिशवीत घेऊन येतात.

मला खरी काळजी दोन गोष्टींची आहे. एक, मोकाट कुत्री. हॉटेलांचं उरलेलं काठावर टाकतात, त्यावर टोळ्या झाल्यात. शेकाट्या आणि टिटव्या इथेच अंडी घालतात, उन्हाळ्यात त्यांची घरटी वाचतच नाहीत. दुसरी, पाणवेली. वरून शहराचं सांडपाणी येतं, त्यावर ही वाढते आणि पुराबरोबर वाहून आमच्याकडे अडकते. वाऱ्याने एका कडेला लोटली जाते आणि सगळा उथळ काठ झाकून टाकते. तिच्यावर कमळपक्षी चालेल, पण टिलव्याला चोच मारायला जागा उरत नाही. काढतात तेव्हा काठावरच ढीग टाकतात. तो तिथेच कुजतो आणि पुढच्या पावसात परत पाण्यात.

सह्याद्री_क्लिक्स

पटलं. बसून फोटो काढण्याचं ह्या हंगामात करून बघतो. आमच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकू का?

चापडगावचा वाटाड्या

टाका की. गावातली बरीच पोरं आता वाटाडे म्हणून काम करतात. बरोबर एकाला घेतलं तर कुठे बसायचं ते तो दाखवेल, आणि चार पैसे गावात राहतील.

उरणची

किनाऱ्याकडची बाजू सांगते, कारण तुमच्याकडे थांबणारे काही पक्षी पुढे-मागे आमच्याकडेही उतरतात. समुद्रकाठी चिखल रोज दोनदा उघडतो आणि दोनदा बुडतो. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात, भरतीला त्यांना विसाव्यासाठी जवळ उंच, उघडी, शांत जागा लागते. मिठागरं, भरतीच्या पाण्याची उथळ तळी ह्यासाठीच मोलाची. विकासाचे नकाशे काढणारे चिखल पाणथळ म्हणून दाखवतात आणि विसाव्याची जागा पडीक जमीन म्हणून. मग ती भराव टाकून जाते. दोन्हींपैकी एक गेलं की दुसऱ्याचा उपयोग संपतो, कारण विसाव्यासाठी रोज दूर उडत जाण्यात खाल्लेलं सगळं खर्च होतं. आमच्याकडे भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजवल्यामुळे तळी सुकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत.

नांदूरलाही विसाव्याची जागा कुठे आहे ते बघून ठेवा. रात्री हे पक्षी कुठे असतात? तिथे गावदिव्यांचा प्रखर झोत आहे का?

विचारवाट

एक शंका मनात येते, मांडतो. हे पक्षी रशियात जन्मतात, कझाकस्तानवरून येतात, वाटेत कुठे शिकार, कुठे धरणं, वर आर्क्टिक तापतंय. एवढ्या लांबच्या साखळीत निफाडच्या एका काठाला उथळ पाणी ठेवून काय साधणार? बाकीच्या ठिकाणी काही होणार नसेल तर आपली मेहनत वाया नाही का?

गोदाकाठची

ह्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण पक्षीप्रेमी माणसंसुद्धा इथेच थकतात.

पिवळ्या समुद्राचं उदाहरण घ्या, चीन आणि कोरियाच्या मधला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि आर्क्टिक ह्यांमध्ये ये-जा करणारे लाखो किनारपक्षी तिथल्या भरती-ओहोटीच्या चिखलावर थांबतात. पट्टेरी शेपटीचा मालगुजा जाताना अलास्कातून थेट निघतो. २०२२ मध्ये टॅग लावलेला एक पक्षी, त्याच वर्षी जन्मलेलं पिल्लू, अलास्का ते टास्मानिया १३,५६० किलोमीटर कुठेही न उतरता ११ दिवसांत गेला. पण परत उत्तरेकडे जाताना तेच पक्षी पिवळ्या समुद्रावर उतरतात, तिथे खाल्ल्याशिवाय त्यांना वीण जमत नाही. २००६ मध्ये दक्षिण कोरियाने सेमान्गुम इथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत पूर्ण केली आणि आतला चिखल समुद्रापासून तुटला. तिथे मोठ्या संख्येने उतरणारे ग्रेट नॉट जातीचे किनारपक्षी दिसेनासे झाले. ते शेजारच्या चिखलावर सरकले असतील असं वाटलं होतं, पण तिथे त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि ऑस्ट्रेलियातही त्यांची संख्या घटली. म्हणजे एक मुक्काम गेला तर पक्षी दुसरीकडे जातात हे आपलं समाधान खोटं ठरलं. ग्रेट नॉट आज ‘संकटग्रस्त’ आहे.

आता दुसरी बाजू. त्याच समुद्राच्या चीनकडच्या काठावर २०१८ मध्ये व्यापारी कारणांसाठी नवा भराव टाकणं सरकारने थांबवलं आणि २०१९ मध्ये तिथल्या काही चिखलपट्ट्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. दहा वर्षांपूर्वी हे कोणाला खरं वाटलं नसतं. आपल्या देशातलं बघायचं तर नागालँडमधलं पांगती गाव. ते पक्षी वेगळे, अमूर ससाणे, पण गोष्ट ह्याच प्रश्नाची आहे. डोयांग जलाशयाकाठी २०१२ पर्यंत जाळी लावून ते प्रचंड संख्येने पकडले जात. गावसभा, चर्च, वनखातं आणि अभ्यासक एकत्र बसले आणि पुढच्याच हंगामात जाळी उतरली. तेच ससाणे महाराष्ट्रावरून पुढे आफ्रिकेला जातात.

आर्क्टिकचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. रेड नॉट पक्ष्यांवर एक अभ्यास झालाय. रशियाच्या तैमिर द्वीपकल्पात बर्फ लवकर वितळायला लागलं, किड्यांचा बहर पिल्लांच्या वेळेआधीच संपायला लागला, म्हणून पिल्लं लहान अंगाची आणि आखूड चोचीची राहिली. ती पिल्लं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा त्यांची चोच खोलवरच्या शिंपल्यांपर्यंत पोचेना आणि त्यातली जास्त मेली. आर्क्टिक आपल्या हातात नाही. पण तिथून अशक्त होऊन निघालेला पक्षी नाशिकला उतरेल तेव्हा त्याला पोटभर मिळतं की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. वर हाल वाढत असतील तर खालचा मुक्काम अधिकच चांगला हवा.

निफाडचा बागाईतदार

आमच्याकडं त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते. मुक्कामाच्या गावाने पाण्याची सोय केली नाही तर पुढच्या गावाच्या भरवशावर वारकरी चालत नाहीत, दिंडी मोडते. तसंच म्हणायचं हे.

डेल्फ्टहून_मराठी

मी नाशिकचीच, सध्या नेदरलँड्समध्ये. इथे मालगुजा २०१५ मध्ये लोकमतातून राष्ट्रीय पक्षी निवडला गेला. तो इथल्या गायरानांत घरटं करतो. शेतं सुकवून, भूजल खाली नेऊन, गवत लवकर आणि वारंवार कापून इथल्या लोकांनीच त्याची संख्या पार खाली आणली. आता काय करतात ते सांगते, कारण तुमच्या चर्चेशी ते थेट जुळतं. काही शेतकरी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत शेताच्या एका तुकड्यात मुद्दाम काही सेंटिमीटर पाणी उभं ठेवतात. त्या उथळ पाण्यावर पक्षी चरतात. गवत जूनच्या मध्यापर्यंत कापत नाहीत. ह्या सगळ्याचे त्यांना ठरलेले पैसे मिळतात. घरटी शोधून खुणा करायला गावातली माणसं येतात, शेतकरी ट्रॅक्टर वळवून नेतो.

एवढं करूनही संख्या अजून घटतेच आहे. जिथे पाणी आणि गवत दोन्ही सांभाळलं तिथे पिल्लं जगतात, पण असे तुकडे कमी आणि विखुरलेले आहेत. माझा आग्रह एवढाच की शेतकऱ्याकडून काही मागायचं तर त्याचा मोबदला आधी ठरवा. भावनेवर एक हंगाम जातो, दुसरा जात नाही.

निफाडचा बागाईतदार

हे ऐकून बरं वाटलं. इकडं गव्हावर, हरभऱ्यावर पक्षी उतरले की नुकसान शेतकऱ्याचं, आणि भाषण शेतकऱ्यालाच.

पण तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून मला एक सुचलं. पाण्याची पातळी पाटासाठी लागते, ती सोडा. काठाचा उतार बदलला तर? काठ सरळ उभा कापलेला असेल तर पाणी वीतभर चढलं-उतरलं तरी उघडा चिखल हातभरच मिळतो. तोच काठ पसरट, उथळ उताराचा असेल तर वीतभर उतरल्यावर पन्नास-शंभर फुटांची ओली पट्टी उघडी पडते. पाणी तेवढंच, चिखल कितीतरी जास्त.

आणि गाळ काढायची मागणी आमची नेहमीचीच. बंधारा गाळाने भरलाय, पुराचं पाणी शेतात शिरतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत बऱ्याच तलावांतून शेतकरी गाळ उचलतात. पण मशीनवाला काठाशी उभं राहून खोल खड्डा मारतो, कारण त्याला सोपं पडतं, आणि काठ भिंतीसारखा होतो. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही. पण परवानगी देतानाच अट घातली की खोली मध्यावर करा, काठ पसरट ठेवा, तर शेतकऱ्याला गाळ मिळेल, बंधाऱ्याची धारण वाढेल आणि तुमचे टिलवेही जेवतील.

गोदाकाठची

दादा, माझ्या मूळ मागणीपेक्षा हे जास्त चांगलं आहे. पातळी दर आवर्तनाला नव्याने भांडून मिळवावी लागेल, उतार एकदा दिला की पुढचा पूर येईपर्यंत तरी टिकतो. काढलेल्या गाळाचे मध्ये एक-दोन सखल, बोडके उंचवटेही ठेवता येतील. त्यावर झाडं मात्र लावायची नाहीत. झाड आलं की त्यावर घार-ससाणा बसतो आणि चिखलपक्षी ती जागा सोडतात. उरणच्या ताईंनी विसाव्याच्या जागेचं विचारलं, ती सोयही त्यातून होईल. भोवती पाणी असलं तर कुत्री पोचणं अवघड.

गाळाची कामं एप्रिल संपल्यावरच सुरू व्हावीत, तोपर्यंत बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात. आणि काढलेली पाणवेल काठावर न टाकता लांब नेऊन कंपोस्टला लावावी, हे वाटाड्या दादांचं म्हणणंही त्याच अटीत घालू.

मास्तर_सिन्नर

माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेच्या सहलीत मुलांना एक-दोन मेलेले पक्षी दिसले. मुलं उचलायला धावली, मी थांबवलं. अशा वेळी नक्की काय करावं?

गोदाकाठची

थांबवलंत हे उत्तम केलं. हात लावू नये, जागेची खूण आणि फोटो घेऊन लगेच वनखात्याला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावं. बर्ड फ्लूची शक्यता असते म्हणून, आणि दुसरं कारणही तितकंच गंभीर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर १८ हजारांहून जास्त पक्षी मेले, त्यांत चिखलपक्षी पुष्कळ होते. तपासणीत बोटुलिझम निघाला. ह्या रोगाचं विष मेलेल्या पक्ष्याच्या अंगावरच्या अळ्यांत साठतं. जिवंत पक्षी त्या अळ्या खातात, त्यांना लुळेपणा येतो, मान टाकून तेही मरतात, त्यांच्यावर पुन्हा अळ्या. म्हणून मृत पक्षी लवकरात लवकर, हातमोजे घालून, प्रशिक्षित माणसांनी गोळा करणं हाच मुख्य उपाय ठरतो. एक दिवस उशीर म्हणजे साखळी लांबते.

मुलांना जानेवारीत जरूर आणा. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, आपल्या उपखंडात १९८७ पासून. मोठी मुलं मोजणीत मदत करू शकतात. टिलवे मोजायला अवघड, पण शेकाट्या आणि मालगुजे मुलांना बरोबर ओळखता येतात. वर्षानुवर्षं एकाच जागेवर, एकाच पद्धतीने केलेली मोजणी हीच सरकारदरबारी उपयोगी पडते.

पैठणकर

ह्या अटींचं पत्र सरकारला पाठवायला तयार होत असेल तर जायकवाडीचाही परिच्छेद घाला. आमच्याकडच्या खाड्यांची नावं मी देतो.

गोदाकाठची

मसुदा करते. त्यात मोजक्याच गोष्टी राहतील: गाळ काढताना पसरट काठ आणि मध्ये बोडके उंचवटे, कामाची सुरुवात मे महिन्यात, पाणवेल काठापासून लांब, काठावर खरकटं टाकायला बंदी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर व मार्च-एप्रिलमध्ये शक्य तिथे पातळी एकदम न चढवता टप्प्याने चढवणं. पत्र जलसंपदा आणि वनखातं दोघांनाही जाईल. पैठणकर, नावं पाठवा.

निफाडचा बागाईतदार

एक प्रत आमच्या पाणीवापर संस्थेच्या नावानेही काढा. संस्थेच्या बैठकीत विषय मी मांडतो. गाळाचे प्रस्ताव उन्हाळ्याच्या आधीच जातात, त्यामुळे संस्थेचा ठराव फेब्रुवारीत झाला पाहिजे, नाहीतर मशीन आल्यावर कोणी कागद बघत नाही. बैठकीला तुम्ही आणि चापडगावचे दादा दोघेही या. काठ कुठे पसरट ठेवायचा ते नकाशावर दाखवावं लागेल, आणि ते त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही.